साध्या लिनक्सवर १ मिलिसेकंदाचं कंट्रोल लूप भरवशाने चालतं का, की सरळ आरटीओएस (वेळेची हमी देणारी ऑपरेटिंग सिस्टिम) घ्यायची?

गिअरबॉक्स:
नमस्कार मंडळी. दोन अक्षांचं एक टेबल हलवायचं काम करतोय. सर्वो मोटर आहेत, दर १ मिलिसेकंदाला एन्कोडर वाचायचा, पीआयडीचं (हवी ती जागा आणि खरी जागा यातल्या फरकावरून आज्ञा काढायचं) गणित करायचं आणि ड्राइव्हला नवीन वेग पाठवायचा, एवढंच लूपचं काम. प्रोग्रॅम सी++ मध्ये आहे, मशीन म्हणजे साधा डेस्कटॉप पीसी आणि त्यावर नेहमीचं लिनक्स. गणिताला जेमतेम ६०-७० मायक्रोसेकंद लागतात म्हणजे वेळ भरपूर उरतो.

तरी मोटर मधूनच झटका खाते. दोन फेऱ्यांमधलं अंतर फाइलमध्ये लिहून बघितलं तर जवळपास सगळ्या फेऱ्या १ ते १.१ मिसेमध्ये आहेत, सरासरी अगदी १.००, पण मधेच एखादी ८ ची, एखादी १२ ची. मोठी फाइल कॉपी करायला घेतली की हमखास होतं, पण कधीकधी मशीन नुसतं बसलेलं असतानाही होतं. नाइस -२० (साध्या प्रोग्रॅमला देता येणारं सगळ्यात वरचं प्राधान्य) देऊन पाहिलं, फारसा फरक नाही.

सोबत काम करणारा एक जण म्हणतो लिनक्स, विंडोज असल्या जनरल पर्पज ओएसवर रिअल-टाइम होणारच नाही, नाद सोड आणि आरटीओएस घे. दुसरा म्हणतो आता लिनक्समध्येच रिअल-टाइम आलंय, फक्त चालू करायचं. दोघंही ठाम. मला त्याच मशीनवर कॅमेरा, स्क्रीन, नेटवर्क सगळं हवंय त्यामुळे लिनक्स सोडणं जिवावर आलंय. कोणाचं बरोबर धरू?

टाइमर_टिक:
पहिलं म्हणजे ती सरासरी १.०० विसरून जा भाऊ, इथे सरासरीला काडीची किंमत नाही. बघायची ती सगळ्यात वाईट फेरी. लाख फेऱ्या वेळेवर आणि एक १२ मिसेची असेल तर तुमचं लूप १२ मिसेचं आहे असंच धरून चालायचं, कारण तेवढा वेळ मोटर जुन्याच आज्ञेवर पळत राहते आणि मग नवीन आज्ञा एकदम मोठी येते, तोच तुमचा झटका. रिअल-टाइम म्हणजे वेगवान असा समज फार पसरलाय, खरं तर प्रश्न एवढाच असतो की ठरल्या वेळेच्या आत काम होईलच असं छातीठोकपणे सांगता येतं का.

नाइस -२० चा उपयोग का झाला नाही तर त्याने फक्त साध्या शेड्युलरमधला तुमचा वाटा वाढतो, थ्रेड अजून ब्राउझर आणि फाइल कॉपीच्याच गटात आहे. त्याला स्केड-फिफो या रिअल-टाइम गटात टाका, प्रायॉरिटी ८० वगैरे द्या, मग साधे प्रोग्रॅम त्याच्या वाटेत येणार नाहीत. पण कर्नल स्वतः येईल. साध्या कर्नलमध्ये तो एखादा स्पिनलॉक (मिळेपर्यंत जागेवरच फिरत थांबायला लावणारं कुलूप) धरून बसलेला असतो किंवा डिस्कच्या, नेटवर्क कार्डाच्या इंटरप्टनंतरचं (हार्डवेअरने हाक मारल्यावरचं) काम उरकत असतो तेव्हा त्या कोअरवर कितीही मोठ्या प्रायॉरिटीच्या थ्रेडला आत घुसता येत नाही. फाइल कॉपी करताना हमखास होतं त्यामागे बहुतेक हेच असणार.

प्रीएम्प्ट-आरटी या लिनक्स कर्नलच्या रिअल-टाइम पर्यायाने नेमकं हेच भोक बुजवलंय. त्यात बहुतेक स्पिनलॉकच्या जागी म्युटेक्स (एका वेळी एकालाच मिळणारी कुलपं, थांबणाऱ्याला झोपू देणारी) येतात आणि इंटरप्टचं काम वेगळ्या थ्रेडमध्ये जातं, म्हणजे त्या थ्रेडलासुद्धा प्रायॉरिटी असते आणि तुमचा थ्रेड त्याच्या वर ठेवता येतो. वीसेक वर्षं हा वेगळा पॅच म्हणून फिरत होता, इंगो मोल्नार, थॉमस ग्लाइक्सनर, स्टीव्हन रोस्टेड या मंडळींनी तो चिकाटीने जोपासला आणि त्यातले एकेक तुकडे (हाय-रिझोल्यूशन टायमर, प्रायॉरिटी इनहेरिटन्स वगैरे) मुख्य कर्नलमध्ये जात राहिले, शेवटचं मोठं घोडं अडलं होतं ते प्रिंटकेपाशी, म्हणजे कर्नलचे संदेश कन्सोलवर छापणाऱ्या भागापाशी, कारण छपाई चालू असताना बाकी सगळं अडकून पडायचं. सप्टेंबर २०२४ मध्ये तेही मार्गी लागलं आणि ६.१२ पासून एक्स८६, आर्म६४ आणि रिस्क-व्ही वर बाहेरचा पॅच न लावता नुसता पर्याय निवडून कर्नल बिल्ड करता येतो. तुमच्या दुसऱ्या मित्राला हेच म्हणायचं असणार. मात्र नेहमीच्या कर्नलमध्ये तो चालू नसतो. यूनेम -ए चालवा, प्रीएम्प्ट_आरटी दिसलं तर आहे, नुसतं प्रीएम्प्ट_डायनॅमिक दिसलं तर ते हे नव्हे.

कर्नल बदलूनही प्रोग्रॅम तसाच ठेवला तर दुखणं राहीलच. सुरुवातीला एमलॉकऑल करून सगळी मेमरी जागेवर खिळवा, नाहीतर एखादं पेज पहिल्यांदा हाताळलं की पेज फॉल्ट (ते पेज मेमरीत आणायला कर्नलकडे धाव) आणि तिथेच वेळ गेला. लूपमध्ये मॅलॉक नको, न्यू नको, प्रिंटएफ नको. आणि ते अंतर फाइलमध्ये लिहिलंत म्हणालात, ते लूपच्या आतूनच लिहिताय का? तसं असेल तर काही झटके त्या लिहिण्यानेच येत असतील, आधीच घेऊन ठेवलेल्या बफरमध्ये आकडे टाका आणि दुसऱ्या साध्या थ्रेडने ते फाइलमध्ये न्या. झोपायला यूस्लीप नको, क्लॉक_नॅनोस्लीप वापरा आणि त्याला "आतापासून १ मिसे" न सांगता पुढची नेमकी वेळ सांगा, म्हणजे एक फेरी उशिरा झाली तरी तो उशीर पुढच्या फेऱ्यांच्या डोक्यावर बसत नाही. अजून एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते, साध्या थ्रेडच्या टायमरला लिनक्स मुद्दाम ५० मायक्रोसेकंदांची ढील देतो, वीज वाचावी म्हणून, फिफोत गेलात की ती ढील जाते.

एवढं केलंत तर चांगल्या हार्डवेअरवर १ मिसेचं लूप आरामात बसतं.

निळी_शाई:
वरचं सगळं मान्य पण "आरामात बसतं" आणि "चुकणारच नाही" यात दरी आहे आणि ती कुणी बोलून दाखवत नाही म्हणून लिहितेय.

मशीन नुसतं बसलेलं असतानाही झटका येतो म्हणालात ना, मला तोच भाग जास्त खटकला. काम नसताना उशीर होतो तेव्हा पहिला संशय प्रोसेसरच्या झोपेवर घ्यायचा. काम नसलं की कोअर खोल सी-स्टेटमध्ये जातो आणि तिथून उठायला दहा-वीस ते शे-दोनशे मायक्रोसेकंद सहज जातात. बायॉसमधून किंवा कर्नलला सांगून खोल सी-स्टेट बंद करा, फ्रिक्वेन्सी एका जागी ठेवा, हायपरथ्रेडिंगही बंद करून बघा कारण एकाच कोअरवर दोन थ्रेड कॅशसाठी ओढाताण करतात.

दुसरा संशय एसएमआय, म्हणजे बायॉसचा स्वतःचा इंटरप्ट. पीसीच्या बायॉसला प्रोसेसर मधेच स्वतःकडे ओढून घेता येतो, पंख्याचा वेग, तापमान, मेमरीतल्या चुकांची नोंद, जुन्या पद्धतीचा यूएसबी कीबोर्ड असल्या कामांसाठी, आणि त्या वेळात ओएसला पत्ताच नसतो की आपण थांबलोय. घड्याळ पुढे गेलेलं दिसतं, बस. इथे कुठलाही कर्नल, कुठलाही पॅच काही करू शकत नाही आणि त्याच पीसीवर आरटीओएस टाकलीत तरी तिलाही हेच भोगावं लागेल. एचडब्ल्यू-लॅट-डिटेक्ट (hwlatdetect) नावाचं टूल आहे, ते इंटरप्ट बंद करून नुसतं घड्याळ वाचत बसतं आणि मधे खिंड दिसली की सांगतं. ओएसची निवड करण्याआधी हे चालवा, मशीनच तसं निघालं तर बाकी सगळी मेहनत पाण्यात.

आता दरीबद्दल. टेस्ट चालवून मिळते ती आजवर दिसलेली सगळ्यात वाईट वेळ, शक्य असलेली सगळ्यात वाईट वेळ ती नव्हे. लिनक्स कर्नल ड्रायव्हर धरून तीन कोटींपेक्षा जास्त ओळींचा आहे, त्यातली प्रत्येक वाट वाचून "यापेक्षा जास्त उशीर अशक्य" असं कुणी सिद्ध करू शकत नाही. उलट एसईएल४ सारखा छोटा कर्नल बघा, जेमतेम ८,७०० ओळींचं सी, त्याचं वागणं २००९ मध्ये गणिती पद्धतीने सिद्ध करून दाखवलं, कारण तो सिद्ध करता येईल इतका लहान ठेवला होता. म्हणून विमानाचं नियंत्रण किंवा गाडीचा ब्रेक असली कामं, जिथे डीओ-१७८सी किंवा आयएसओ २६२६२ या सुरक्षिततेच्या मानकांप्रमाणे पुरावा मांडावा लागतो, तिथे "आम्ही आठवडाभर चालवून बघितलं" हे चालत नाही.

त्यामुळे भाऊ स्वतःला एकच विचारा, डेडलाइन चुकली तर काय होईल? आवाजाच्या रेकॉर्डिंगमध्ये ४८ किलोहर्ट्झला ६४ सॅम्पलचा बफर म्हणजे १.३३ मिसे, तो चुकला तर कट्ट आवाज येतो आणि माणूस पुन्हा रेकॉर्ड करतो. तुमच्या टेबलाखाली कुणाचा हात असतो का? असेल तर आणीबाणीचं बटण आणि टोकाचे लिमिट स्विच ड्राइव्हची पॉवर थेट तोडतील अशा वायरिंगने जोडलेले हवेत, लिनक्समधून नकोत, आरटीओएसमधून पण नकोत.

कडबोळं_कोड:
विंडोजवर हेच करायचं तर? आमच्याकडे सगळं विंडोजच आहे म्हणून विचारतोय, रिअलटाइम प्रायॉरिटी क्लास तर त्यातही आहे.

टाइमर_टिक:
@कडबोळं_कोड नावावर जाऊ नका. तो क्लास म्हणजे १६ ते ३१ या प्रायॉरिटी, त्याने तुमचा थ्रेड इतर थ्रेडच्या पुढे जातो पण ड्रायव्हरचे इंटरप्ट आणि डीपीसी (इंटरप्टनंतर थोडं पुढे ढकललेलं काम) त्याच्याही वर असतात आणि एखादा वायफायचा किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर डीपीसीमध्ये रेंगाळला की खेळ खल्लास. शिवाय टायमरचा नेहमीचा ठोका १५.६ मिसेचा, मागून घेतला तर १ मिसेपर्यंत येतो. उद्योगात विंडोजवर मशीन चालवतात ते वेगळ्या वाटेने, बेकहॉफचं ट्विनकॅट घ्या, त्याचा स्वतःचा रिअल-टाइम कर्नल विंडोजच्या खाली चालतो, त्याला हवा तर अख्खा कोअर तोडून देता येतो आणि विंडोज उरतं ते स्क्रीनपुरतं. लिनक्समध्ये आरटीएआय, झेनोमाय हेही त्याच जातीचे, छोटा कर्नल मालक आणि लिनक्स त्याच्या फावल्या वेळात चालणार. वेळेला चोख असतात, पण ड्रायव्हर वेगळे लागतात आणि कर्नलची आवृत्ती बदलली की सांभाळायची कटकट मोठी.

पायरी_पायरीने:
मला वाटतं इथे ओएस कुठली यावर जेवढी चर्चा होतेय त्यापेक्षा कामाची फाळणी कुठे करायची यावर व्हायला हवी. एक हिशोब करून बघा. समजा सर्वोऐवजी स्टेपर आहे, एका फेऱ्याला २०० पायऱ्या, ड्रायव्हरवर ८ मायक्रोस्टेप म्हणजे १,६००, स्क्रूचा लीड ५ मिमी, म्हणजे १ मिमीला ३२० पल्स. ५० मिमी प्रति सेकंद वेग हवा तर सेकंदाला १६,००० पल्स, दर ६२.५ मायक्रोसेकंदाला एक. आता प्रीएम्प्ट-आरटीवर चांगल्या मशीनला कधीमधी ३०-४० मायक्रोसेकंदांचा उशीर झाला तर तुमच्या १ मिसेच्या लूपला त्याची जाणीवही होणार नाही, फार तर ४ टक्के. पण या पल्सच्या गाडीत तोच उशीर म्हणजे जवळपास निम्मं किंवा त्याहून जास्त अंतर सरकलं, मोटर खरखरणार आणि जास्त वेगात पायरी चुकणार. तोच कर्नल, तोच पीसी, एका कामाला उत्तम आणि दुसऱ्याला नालायक.

म्हणून पल्स काढायचं काम मायक्रोकंट्रोलरला देतात. थ्रीडी प्रिंटरचं क्लिपर असंच चालतं, लिनक्सवर सगळं गणित होतं, कोणती पायरी कोणत्या क्षणी हे थोडं आधी ठरवून बोर्डाला पाठवलं जातं आणि बोर्ड आपल्या घड्याळावर ते तंतोतंत वाजवतो. लिनक्सला उशीर झाला तरी साठवलेलं काम आहे तोवर काही बिघडत नाही आणि अगदीच उशीर झाला तर बोर्ड "टायमर टू क्लोज" म्हणून स्वतः थांबतो, वेडंवाकडं पळत नाही. ते थांबणं मला फार महत्त्वाचं वाटतं.

मंगळावरचं इंजेन्युइटी हेलिकॉप्टरही असंच होतं. एप्रिल २०२१ मध्ये पहिल्यांदा उडालं ते, त्यात मोबाइलमधला स्नॅपड्रॅगन ८०१ आणि त्यावर लिनक्स, कॅमेऱ्याच्या चित्रांवरून आपण कुठे आहोत हे काढायला, पण उड्डाणाच्या नियंत्रणाला वेगळे मायक्रोकंट्रोलर आणि जोडीला एफपीजीए (आतली जोडणी आपण ठरवू शकतो अशी चिप). दुसऱ्या ग्रहावर जायचं ठरलं तरी लिनक्स नको म्हणाले नाहीत आणि सगळं त्याच्याच गळ्यातही घातलं नाही.

तुमच्याकडे सर्वो ड्राइव्ह आहे म्हणजे करंटचं सगळ्यात वेगवान लूप आधीच ड्राइव्हच्या आत चालतंय. फाळणी निम्मी झालेली आहे, तुम्हाला वरचा १ मिसेचाच थर सांभाळायचाय.

अर्धविराम:
"आरटीओएस घे म्हणजे सुटलास" या मित्राच्या वाक्याबद्दल लिहायचंय. १९९७ ची मार्स पाथफाइंडर आठवा. व्हीएक्सवर्क्स, म्हणजे नावाजलेली आरटीओएस. यान जुलैत उतरलं आणि थोड्याच दिवसांत संगणक स्वतःहून रीसेट व्हायला लागला. हवामानाची माहिती गोळा करणारं एक कमी प्रायॉरिटीचं काम एक म्युटेक्स धरायचं, तोच म्युटेक्स डेटा बस सांभाळणाऱ्या वरच्या प्रायॉरिटीच्या कामाला हवा असायचा, तेवढ्यात मधल्या प्रायॉरिटीचं एक लांबलचक काम उठायचं आणि खालच्याला चालूच द्यायचं नाही. खालचं हलत नाही म्हणून म्युटेक्स सुटत नाही, म्युटेक्स नाही म्हणून वरचं ताटकळत, आणि बसचं काम वेळेत झालं नाही हे बघून यंत्रणा रीसेट करायची. इंजिनिअरांनी पृथ्वीवरच्या जुळ्या मशीनवर ते पुन्हा घडवून पकडलं. उपाय व्हीएक्सवर्क्समध्ये आधीपासून होता, त्या म्युटेक्सवर प्रायॉरिटी इनहेरिटन्स, म्हणजे म्युटेक्स धरणाऱ्याला वाट बघणाऱ्याची प्रायॉरिटी उसनी देणं, चालू करायचं, तो बदल इथून वर पाठवला आणि थांबलं.

तेव्हा गिअरबॉक्स, तुमच्या फिफो थ्रेडने आणि स्क्रीनवाल्या साध्या थ्रेडने एकच म्युटेक्स वाटून घेतला असेल तर पीथ्रेड म्युटेक्स बनवताना प्रायॉरिटी इनहेरिटन्सचा प्रोटोकॉल द्या, आपोआप नसतो तो. त्याहून बरं म्हणजे लॉकच नको, एक लिहिणारा एक वाचणारा असा रिंग बफर ठेवा.

गिअरबॉक्स:
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कुणी सांगत नाही. आरटी कर्नल बिल्ड करून टाकला, एमलॉकऑल केलं, नोंदी बफरमधून बाहेर काढल्या आणि म्युटेक्स काढून रिंग बफर घातला. एचडब्ल्यू-लॅट-डिटेक्टने बायॉसच्या खिंडी दाखवल्या, तिथला यूएसबी लेगसी सपोर्ट बंद केल्यावर त्या गेल्या. आता रात्रभर चालवून सगळ्यात वाईट फेरी १.०५ च्या आत आहे, मोटर गुळगुळीत चालतेय.

पण एक नवीनच दिसलं. एन्कोडरचा निरोप लवकर पकडावा म्हणून दुसऱ्या एका जुन्या मशीनवर लूपमध्ये न झोपता सतत वाचत बसायचं करून बघितलं, तिथे दर सेकंदाला बरोबर ५० मिसेची खिंड पडते. घड्याळ लावल्यासारखी. हे कुठून आलं? आणि रात्रभराची टेस्ट पुरे का?

टाइमर_टिक:
५० मिसे आणि बरोबर दर सेकंदाला म्हणजे आरटी थ्रॉटलिंग, शंकाच नको. फिफोमधला थ्रेड कधीच झोपला नाही तर त्या कोअरवर बाकी कुणाला जगू देणार नाही, मशीन गोठेल, म्हणून कर्नल रिअल-टाइम थ्रेडना १ सेकंदात ९५० मिसेच देतो, उरलेले ५० इतरांसाठी राखतो. स्केड_आरटी_रनटाइम_यूएस मध्ये ९५०००० हा आकडा दिसेल. तिथे -१ लिहिलं की मर्यादा जाते पण मग प्रोग्रॅम अडकला तर मशीन तुमच्या हातात राहणार नाही. ६.१२ पासून ही यंत्रणा बदललीय, साधे प्रोग्रॅम खरोखर उपाशी असतील तरच डेडलाइन सर्व्हर त्यांना सेकंदात ५० मिसे मिळवून देतो.

माझं मत विचाराल तर सतत वाचत बसायचंच कशाला, १ मिसेच्या लूपला त्याची गरज नाही. झोपा, वेळेवर उठा, काम करा. त्याच्याऐवजी आयसोलसीपीयूज देऊन एक कोअर लूपसाठी बाजूला काढा आणि नेटवर्क, डिस्क, ग्राफिक्सचे इंटरप्ट दुसऱ्या कोअरकडे वळवा. वाटलं तर स्केड-डेडलाइन पण बघा, २०१४ पासून ३.१४ मध्ये आहे, दर १ मिसेत मला १०० मायक्रोसेकंद हवेत असं थेट सांगता येतं आणि सगळ्यांची बेरीज मर्यादेबाहेर जात असेल तर कर्नल सुरुवातीलाच नकार देतो, मागाहून दगा देत नाही. फक्त एखाद्या कोअरला थ्रेड बांधून ठेवणं त्यात सरळ जमत नाही.

निळी_शाई:
टेस्टचं मी सांगते. रिकाम्या मशीनवर रात्रभर काढून काही कळत नाही, त्या वेळी बिघडवणारं कुणी नसतंच. सायक्लिकटेस्ट (उठायला होणारा उशीर मोजणारं टूल) हिस्टोग्रामसकट लावा, त्याच वेळी स्ट्रेस-एनजीने मेमरी, डिस्क, नेटवर्क सगळं कुथवा, कॅमेरा चालू ठेवा, स्क्रीनवर व्हिडिओ लावा, यूएसबी काढा-घाला, नेटवर्कची केबल उपसून परत लावा, मशीन तापू द्या. आणि हे चार-पाच दिवस चालू राहू द्या. शेवटी बघायचा तो हिस्टोग्रामचा उजवा टोकाचा आकडा, तोही कर्नल किंवा बायॉस अपडेट केल्यावर पुन्हा काढायचा.

ड्राइव्हमध्ये वॉचडॉग असेल तो मात्र आजच चालू करा. सलग तीन-चार फेऱ्या आज्ञा आली नाही तर त्याने वेग हळूहळू शून्यावर आणायचा, एकदम नाही, टेबलावर वजन किती आहे ते बघून उताराची वेळ ठरवा.

गिअरबॉक्स:
वॉचडॉग आहे, कारखान्यातून १०० मिसेवर सेट होऊन आलाय. तो ४ वर आणतो आणि लूप मुद्दाम थांबवून बघतो, टेबलावर पूर्ण वजन ठेवून.